कडूबाचा घास

शके अठराशे अडुसष्टच्या मार्गशीर्षात, मध्यप्रांत व वऱ्हाड या इलाख्यातील बुलढाणे जिल्ह्यात, खामगाव मुक्कामी, कापसाच्या बाजारापलीकडे असलेल्या एका खासगी दवाखान्यात, सकाळच्या प्रहरी, दिवाणी न्यायालयाचे वकील हिंमतराव यांना एक प्रश्न विचारण्यात आला. आणि वकिलीस आरंभ केल्यापासून प्रथमच त्यांना उत्तर सुचले नाही. प्रश्न साधा होता. "जन्मला तेव्हा मुलाचा रंग कोणता होता?" असे डॉक्टर महादेवरावांनी विचारले, आणि हिंमतरावांच्या मुलाचा, कडूबाचा, वरचा ओठ अंगठ्याने उचलून ते तसेच थांबले. हिंमतरावांनी स्वतः कितीतरी साक्षीदारांना असले प्रश्न विचारले होते. मारामारी झाली तेव्हा गाडीला जुंपलेल्या बैलाचा रंग कोणता होता? धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बोर कोणाच्या अंगाला झुकलेली होती? साक्षीदार चाचरला, म्हणजे ते न्यायाधीशांकडे न पाहता आपल्या कागदांकडे पाहत. विजयाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे त्यांना असभ्य वाटे. आज चाचरण्याची पाळी त्यांची होती, आणि डॉक्टर मात्र सरळ त्यांच्याकडे पाहत होते. "रंग म्हणजे वर्ण?" हिंमतराव म्हणाले. "गोराच म्हणावा लागेल." "गोरा-काळा विचारत नाही मी, वकीलसाहेब. पिवळा होता का?"

त्यांनी तयारी निराळ्याच प्रश्नांची केली होती. कडूबाला चार वर्षे होऊन गेली तरी तो बसत नव्हता, मान सावरत नव्हता. एखादी वस्तू घ्यावी म्हणून त्याने हात पुढे केला की तो हात वाटेतच वळे, बोटे एकेक करून उमलत आणि पिळवटत, तोंड वेडेवाकडे होई, आणि वस्तू जवळ असूनही हात भलतीकडेच जाऊन पडे. झोपला की सारे शांत. मग तो कोणत्याही मुलासारखा दिसे. आणि हिंमतराव त्याला पाहत ते बहुधा तो झोपलेला असतानाच. घरात या व्याधीचे निदान केव्हाच होऊन चुकले होते. ते त्यांच्या आईने, सोजराबाईने, केले होते. मूल पोटात असताना ग्रहण लागले आणि कौशल्येने त्या वेळात विळीवर वांगे चिरले, असे ते निदान. कौशल्याबाई, म्हणजे हिंमतरावांची पत्नी, म्हणे की चिरले नाही, खाली पडलेले उचलून टोपलीत ठेवले, एवढेच. या एका वांग्यावर त्या घरात इतकी वर्षे खटला चालू होता. हिंमतरावांना ग्रहणाचा दोष मान्य नव्हता. कारणावाचून कार्य घडत नाही हे त्यांना पूर्ण मान्य होते. परंतु कारण आणि कार्य यांच्या दरम्यान काही धागा तरी दिसला पाहिजे, आणि आकाशातली छाया विळीवरून उतरून गर्भाच्या हातापायांत कशी शिरते, हे त्यांना आजवर कोणी दाखवून दिले नव्हते. तरीही निकाल झाला होता आणि त्याची अंमलबजावणी रोज होत होती. कडूबाला भरवायचे ते सोजराबाईनेच. आईच्या हातचा घास त्याच्या अंगी लागत नाही, असे ठरून गेले होते. कौशल्येने त्याची बाळोती-दुपटी धुवावीत, ज्वारीच्या कण्या शिजवाव्यात, वाटी सासूच्या हाती द्यावी आणि चौकटीबाहेर व्हावे. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून आपल्या मुलाचे जेवण पाहत असे. एखाद्या देवळात ज्याला प्रवेश नाही त्याने बाहेरून आरती ऐकावी तसे. हा अन्याय दूर करावा, एखाद्या जाणत्या माणसाच्या तोंडून ग्रहण खोटे पाडून घ्यावे, एवढ्याचसाठी ते आज मुलाला टांग्यात घालून, स्वतः मांडीवर धरून, येथे आले होते.

आणि डॉक्टरांनी ग्रहणाचा शब्दही काढू दिला नव्हता. मुंबईस मुलांच्या दुखण्यांचा विशेष अभ्यास करून आलेला हा मनुष्य बोलण्यापेक्षा पाहत अधिक असे. त्याने खिशातले घड्याळ कडूबाच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू वर नेले. डोळे वर गेले नाहीत, सबंध डोकेच मागे कलंडले. पाठीमागे बारीक घंटा वाजवली. कडूबा वळला नाही. टेबलावर थाप मारली, तो दचकला. मान एका बाजूला वळवली तर त्या बाजूचा हात धनुष्य ताणल्यासारखा सरळ झाला. मग प्रश्न सुरू झाले. दिवस पूर्ण भरले होते का? बाई किती वेळ अडली होती? मूल जन्मताच रडले का? गरोदरपणी ताप येऊन गेला होता? पहिल्या आठवड्यात आचके आले होते? प्रत्येक प्रश्नाला हिंमतरावांपाशी एकच उत्तर होते: "घरी विचारावे लागेल." याच्या आधीचे मूल? एक होते, पाचवी पुजण्याच्या आतच गेले. म्हणूनच तर याचे नाव कडूबा. हिंमतरावांनी एक भारदस्त सामासिक नाव योजून ठेवले होते, पण सोजराबाई म्हणाली होती, "असं गोड नाव ठेवलं तं यम चाखून पाहीन. कडू म्हना, थुकून देईन." "त्या आधीच्या मुलाचा रंग?" डॉक्टरांनी विचारले. तोही घरीच विचारावा लागणार होता. तेव्हा डॉक्टरांनी कडूबाचा ओठ पुन्हा उचलून दाखवला. दुधाच्या दातांवर, हिरड्यांच्या कडेला, विहिरीच्या पायरीवर धरते तशी हिरवट शेवाळी छटा होती. "जन्मानंतर कावीळ फार चढली की ती मेंदूत उतरते, आणि दातांवर खूण ठेवून जाते," डॉक्टर म्हणाले. "मेंदूचा लकवा आहे हा. काही जोडप्यांच्या रक्तात मेळ नसतो म्हणून असं होतं, असं अलीकडे म्हणायला लागलेत. एकामागून एक मुलं पिवळी होऊन जातात. पण कुणालाच दिसलं कसं नाही? चांगला उजेडात धरला असता तर आंधळ्यालाही दिसलं असतं." हिंमतरावांच्या मनात त्या क्षणी एक दार उघडले आणि आतून वास आला: तेलाचा, ओव्याच्या धुरीचा, आणि हळदीचा. त्यानंतर डॉक्टर आणखीही काही बोलत होते. दिसले असते तरी त्या काळात मी काय केले असते हे सांगता येत नाही, असे ते म्हणाले. हा आजार आता वाढणार नाही, असेही म्हणाले. या मुलाला भय हातापायांचे नाही, गिळण्याचे आहे; घास छातीत गेला किंवा पोटात गेलाच नाही, तर असली मुले हातची जातात; अंगावर मांस आहे त्या अर्थी घरी कोणीतरी नीट भरवणारे आहे, त्याला जपा. हे सारे हिंमतरावांनी ऐकले. परंतु कसलेला वकील साक्षीतील आपल्या कामाचे वाक्य उचलतो आणि बाकीचे जागच्या जागी राहू देतो, तसे त्यांच्या हाती एकच वाक्य राहिले होते, आणि ते घेऊन ते टांग्यात बसले.

टांगा फरशीवरून उडत होता आणि प्रत्येक धक्क्यासरशी कडूबा ताठ होऊन मागे वळत होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी, कागदांचे भेंडोळे धरावे तसे धरले होते. त्यांना ती खोली आठवत होती. गावाकडच्या, दुसरबीडच्या घराची ती पलीकडची खोली. झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या, दाराला गोणपाट, आत शेगडी. बाळंतिणीला वारा नको, बाळाला उजेड नको, आणि पुरुषाने उंबरा ओलांडू नये. आतून पाण्याचा आवाज येई आणि सोजराबाईचे गाणे येई, आणि रोज दोन्ही वेळा हळद-तेलाचा पिवळा ओघळ मोरीच्या तोंडाशी येऊन वाळे. बारशाच्या दिवशी मूल प्रथम उजेडात आले. इतक्या दिवसांचा दाट लेप धुऊन निघाला होता तरी ते मूल झळाळत होते. भोवतालच्या बाया म्हणाल्या, "सोनं हाये, सोनं!" आणि हिंमतरावांना, ज्यांचा बहुतेक फुरसतीचा वेळ जुन्या संस्कृत गद्याच्या लांबलचक वाक्यांत जाई, एक शब्द सुचला होता: तप्तकांचन. तापवलेल्या सोन्यासारखी कांती. तो शब्द त्यांनी दिवसभर तोंडात घोळवला होता. मूल त्या वेळी रडत नव्हते, दूध ओढत नव्हते, सारखे झोपून होते. पण शब्द इतका नेमका होता की त्यापलीकडे पाहण्याचे कारणच उरले नव्हते. टांग्यात तो शब्द परत आला. मग त्यांनी तो बाजूला सारला. उपमा हा पुरावा नव्हे, असे त्यांनी स्वतःशीच म्हटले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. घर येईपर्यंत त्यांचे प्रश्न क्रमाने लागले होते.

सोजराबाई ओसरीवर वाटी घेऊन बसलीच होती. "आन रे बाप्पा इकडे. भुकेजलं आसन लेकरू माहं," असे म्हणून तिने मुलाला ओढून घेतले. तिची बसण्याची एक रीत होती. पाय लांब करायचे, गुडघे किंचित उचलायचे, कडूबाची पाठ मांड्यांच्या खोबणीत बसवायची, डोक्यामागे कोपर देऊन मान पुढे आणायची, हनुवटीखाली बोट, आणि घास जिभेवर न ठेवता गालात ठेवायचा. मग थांबायचे. तो उतरेपर्यंत नुसते थांबायचे, आणि तोंडाने शिव्यांची संततधार चालू ठेवायची. "गिय, मुडद्या, गिय. बापासारखा चावत नको बसू. गिय." कडूबाला या शिव्या आवडत. दाट, खालच्या सुरातला तो आवाज त्याला ऐकू येत असावा. तो हसे, आणि हसता हसता घास उतरे. एका वाटीला अर्धी सकाळ लागे. हिंमतराव पायातल्या वहाणाही न काढता खांबाशी उभे राहिले. "आई, कडूबा जन्मला तेव्हा त्याच्या अंगाला हळद कोणी लावली?"

"मी लावली. मंग कोन लावीन? तुह्या कोर्टातला पट्टेवाला?"

"रोज?"

"दोन्ही येळा. घरची हळद व्हती, म्या सोता जात्यावर दयलेली. अन् घरात कोर्टाची बोली नको बोलू बे, लेकराचा घास अडकते."

"हळदीखाली अंग कोणत्या रंगाचे आहे, हे पाहिले होतेस?"

"हळद लावल्यावर हळदीचंच दिसन ना. का निळं दिसन?"

"डोळ्यांना तर हळद लावत नव्हतीस. डोळे कसे होते?"

तिचा हात थांबला. "डोये मिटेल राहत त्याचे. झोपेल राहे. शांत लेकरू हाये, म्हनलं. पयले दूध ओढे, मंग ओढे ना. मंग एक दिवस असं मागं वाकलं, धनुष्यावानी..." ती बोलता बोलता आपल्याच वाक्याच्या कडेला येऊन उभी राहिली. हिंमतरावांनी तेव्हा डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. नेमके, क्रमवार, एकही शब्द न वाढवता. कावीळ होती. ती मेंदूत उतरली. ती दिसली नाही, कारण तिच्यावर हळद होती आणि खोलीत अंधार होता. ग्रहणाचा संबंध नाही, वांग्याचा नाही, कौशल्येचा नाही. स्वतःचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता आणि त्यातील संयमाबद्दल त्यांना समाधान वाटत होते. "म्हन्जे माह्या हातानं झालं म्हन्तोस?" सोजराबाईने विचारले. "मी म्हणत नाही. पुरावा म्हणतो." तिने आपले दोन्ही हात पाहिले. नखांच्या कडेला अजूनही, रोजच्या फोडणीची असेल, पिवळी रेघ होती. मग तिने अगदी हळू विचारले, "अन् तो पयला? त्यालेबी मीच लावली व्हती." हिंमतरावांना उत्तर देता आले असते. पाहणाऱ्याला दिसले असते तरी उपाय होता की नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकाशी होते. परंतु ते वाक्य विरुद्ध पक्षाचे होते. ते गप्प राहिले, आणि न्यायालयात गप्प राहण्याचा जो अर्थ होतो तो सोजराबाईला कायदा न शिकताही कळला. तिने कडूबाला सतरंजीवर निजवले, वाटी खाली ठेवली, आणि उठून हात धुतले. वाटी अर्धी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती मोटारीने दुसरबीडला, धाकट्या मुलाकडे, रंगरावाकडे निघाली. गाठोडे काखेत मारून ती म्हणाली, "माहा हात लागला का लेकरू बिघडते, असा हुकूम झाला. मंग हात कायले ठेवू इथं?" कौशल्येने तिचे पाय धरले तशी ती म्हणाली, "सोड बाई. तुही सुटका झाली. आता तूच घाल त्याले घास, आता लागन." यात टोमणा किती आणि आशीर्वाद किती, हे हिंमतरावांना ठरवता आले नाही. त्यांची अपेक्षा अशी होती की, मोटार दिसेनाशी झाल्यावर पत्नी आपल्याकडे वळेल आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी असेल. इतक्या वर्षांचा कलंक त्यांनी एका सकाळीत पुसून टाकला होता. कौशल्या वळली, पण तिच्या डोळ्यांत फक्त भय होते. "माह्यावरचा डाग गेला म्हन्ता," ती म्हणाली. "बरं झालं. आता घास कसा उतरवू, तेवढं सांगा."

तिला ते येत नव्हते. कधी येऊच दिले नव्हते. तिने सासूसारखे पाय लांब केले, कोपर डोक्यामागे दिले. कडूबा तिच्या मांडीवर फळीसारखा ताठ झाला, दात आवळले, मग खोकला, मग चेहरा निळसर झाला, आणि तिने घाबरून त्याला पालथे केले. सगळ्या कण्या भुईवर. तिच्या हातांत काही उणे नव्हते, पण त्या हातांनी इतकी वर्षे एकच वाक्य ऐकले होते, आणि दोष खोटा ठरला म्हणून ते वाक्य बोटांतून निघून जात नव्हते. घास गालाशी नेताना तिचा हात थरथरे, आणि ती थरथर मुलाच्या अंगात जशीच्या तशी उतरे. शिव्या देण्याचा तिने प्रयत्न केला. तिचा आवाज बारीक होता, तो त्याला पोहोचत नसावा. "गिय रे राजा," ती म्हणे, आणि रडे. हिंमतरावांनी एकदा स्वतः भरवून पाहिले. औषध पाजताना करतात तसे त्यांनी त्याचे डोके मागे केले, दूध घशात ओतले. त्यानंतर बराच वेळ कडूबाच्या छातीत जे घरघरत राहिले ते ऐकत ते खोलीबाहेर उभे होते. त्या दिवसानंतर ते अधिक वाचू लागले. न्यायालयातून आले की कंदील पेटण्याच्या आतच ते जुन्या गद्याचे एखादे पान उघडत, आणि विशेषणामागून विशेषण ओलांडत क्रियापदाच्या शोधात जात. पलीकडून खोकला ऐकू आला की क्रियापद हरवे.

"आणा जी त्याईले," कौशल्या म्हणे. "दुसरबीड काय विलायतेत हाये? जा, पाया पडा, अन् घेऊन या." "काय म्हणून पाया पडू? मी खोटे बोललो का?" "खोटं नाही बोलले. खरं बोलले. आता ते खरं ताटात वाढू का त्याच्या?" यावर हिंमतरावांपाशी युक्तिवाद होता. तो ते तिला सांगत नसत, स्वतःलाच सांगत. क्षमा मागावयाची ती अपराधाची. सत्यकथन हा अपराध नव्हे. जे विधान खरे आहे त्याबद्दल क्षमा मागितली तर ते खोटे असल्याची कबुली होईल. ते खोटे ठरले की ग्रहण पुन्हा खरे होईल. ग्रहण खरे झाले की कौशल्या पुन्हा उंबऱ्याबाहेर जाईल. म्हणजे आईला न आणण्यात त्यांचा हट्ट नव्हता, पत्नीच्या न्यायाचे रक्षण होते. साखळीतील एकही कडी सैल नव्हती. फक्त कधी कधी, अशिलाची वाट पाहत असताना किंवा उलटतपासणीच्या मध्येच, त्यांना त्या ओसरीवर आपण उभे असल्याचे दिसे, पायांत वहाणा, आणि समोर अर्धी भरलेली वाटी. आणि असे वाटे की आपण तेथे पोहोचण्यास थोडा उशीर करावयास हवा होता, वाटी संपेपर्यंत तरी. पण संपली असती तरी आपण तेच बोललो असतो, हेही त्यांना ठाऊक होते. जे त्यांनी जिंकले होते ते त्यांना आयुष्यात प्रथमच इतक्या निर्विवादपणे मिळाले होते.

पौष सरत आला तेव्हा त्यांच्या असे ध्यानात आले की कडूबाचे हात पूर्वीसारखे वळत नाहीत. तो वस्तू मागायला हात पुढेच करीत नसे. आवाजही क्षीण झाला होता. दंडाची कातडी सैल पडली होती, डोळे आत गेले होते आणि मोठे दिसत होते. हिंमतरावांनी या लक्षणांचा साकल्याने विचार केला, आणि डॉक्टरांचे विधान चुकीचे असले पाहिजे या निष्कर्षाशी ते आले. आजार वाढत नाही, असे त्यांनी सांगितले होते. तो वाढत असल्याचे तर समोर दिसत होते. विष मेंदूतून खाली उतरत असावे. या विचाराने त्यांना भय वाटले, आणि भयाच्या तळाशी, कबूल न करता येण्याजोगा, एक आधारही वाटला. कारण तसे असेल तर मूळ कारण तेच, हळदीखालचे, आणि त्यानंतर घडलेले सारे गौण. कौशल्येने मुलाला दुपट्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिले. या वेळी ती टांग्यात चढून शेजारी बसली, आणि त्यांनी तिला नको म्हटले नाही. कडूबा आता धक्क्यांनी ताठ होत नव्हता. तो मांडीवर सहज मावत होता.

दवाखान्यात त्यांनी म्हणणे मांडले. हालचाली मंदावल्या आहेत, स्वर उतरला आहे, तेव्हा व्याधी पुढे सरकत असल्याचा संभव विचारात घ्यावा. मागील निदानाशी आपला विरोध नाही, केवळ त्याच्या एका अंगाविषयी शंका आहे. वाक्ये नीट येत होती. डॉक्टर महादेवराव ऐकत नव्हते. त्यांनी दुपटे उलगडले होते आणि कडूबाच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली होती. ती परत बसली नाही, सुरकुती तशीच उभी राहिली. त्यांनी तोंड उघडून जीभ पाहिली. मग छातीला नळी लावली, पुष्कळ वेळ. "भरवतं कोण याला?" त्यांनी मान वर न करता विचारले. हिंमतराव म्हणाले, "व्यवस्था चालू आहे." कौशल्या भिंतीशी उभी होती, तिने पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली आणला. "मले नाही जमत जी," ती म्हणाली. "आजी भरवे. आजीले यायनं घरातून काढून देलं." "काढून दिले नाही," हिंमतराव म्हणाले. "ती आपण होऊन गेली. तिच्याविषयी जे सांगितले ते आपल्याच निदानाच्या आधारे, डॉक्टर. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आजार वाढत आहे की नाही."

डॉक्टरांनी दुपटे पुन्हा मुलाच्या अंगावर ओढले.

"आजार होता तेवढाच आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले. "मुलगा उपाशी आहे."